विकावा की ठेवावा?

2025 सालचा चैत्र. उन्हाळ कांदा निघाला होता. लासलगावजवळचा माझा एक जुना विद्यार्थी बायकोला घेऊन घरी आला.

"गुरुजी, कांदा विकू की चाळीत ठेवू? शेजारी म्हणतो, वीक. मेव्हणा म्हणतो, ठेव. डोकं चालेना."

मी म्हणालो, "उद्याचा भाव कोणालाच ठाऊक नाही. जे ठाऊक आहे, ते मांडून पाहू."

त्याच्याकडे 100 क्विंटल कांदा होता. सोपे जावे म्हणून भाव 1400 रुपये धरला. पैसे झाले 1,40,000. चाळीत कांदा वाळतो, सडतो, त्याला कोंब येतात. दिवाळीला 70 क्विंटलच उरला, तर तेवढ्याच पैशांसाठी भाव 2000 हवा.

"म्हणजे सहाशे वाढले तरी जादा काहीच नाही!" तो चकित झाला. "पण गुरुजी, आता निर्यातकर उठला. भाव चढेलच."

कर 1 एप्रिलला उठला होता, हे खरे. पण ऑगस्ट 2023 मध्ये सरकारने तोच कर 40 टक्के बसवला होता. डिसेंबरात तर निर्यातच बंद केली होती. हे आधी कोणाला कळले होते?

इतका वेळ बाई गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "सोसायटीचं कर्ज अन् धाकटीची फी जूनपर्यंत भरायची आहे."

हीच खरी गोष्ट होती. शेजाऱ्याला ती कशी ठाऊक असणार?

मग ठरले. जोड कांदा, जाड मानेचा कांदा, मार लागलेला कांदा टिकत नाही. तो आधी विकायचा. कर्ज आणि फी भागेल इतका चांगला कांदाही विकायचा. उरलेला सुकवून, निवडून चाळीत ठेवायचा.

दिवाळीत तो फराळ घेऊन आला. भाव पडलेला होता. तो म्हणाला, "गुरुजी, चुकलंच. सगळा विकायला हवा होता."

मी विचारले, "कर्ज फिटलं?"

"फिटलं."

"पोरगी शाळेत जाते?"

"जाते की!"

"मग चुकलं कुठं? भाव चढला असता, तर म्हणाला असतास, सगळा ठेवायला हवा होता. भाव आपल्या हाती नाही. विचार आपल्या हाती आहे."

मंडळी, निर्णय घेताना घरची गरज आधी पाहा. हिशेब पाटीवर मांडा. घरच्या बाईला विचारा. सगळे एकाच डावावर लावू नका. एवढे करूनही तोटा झाला, तर स्वतःला दोष देऊ नका.

विचार करा :
1. 100 क्विंटलचे 80 उरले, तर भाव किती हवा?
2. तुमच्या घरी मोठा निर्णय कोण कोण मिळून घेता?