स्टड तुटला की तिथंच थांबा

बहुतेक सिंगल सिलिंडर मोटरसायकलींचा सायलेन्सर इंजिनच्या हेडला दोन स्टडवर धरलेला असतो. स्टड स्टीलचा, हेड ॲल्युमिनियमचं. त्यातला एक स्टड जुन्या गाडीवर कधी ना कधी तुटतोच. स्टड काही रुपयांत मिळतो. महागात पडते ती तो तुटल्यानंतरची घाई, हे मी माझ्या गाडीवर पाहिलं आहे.

मी पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात फिटर आहे. मोशीवरून नाशिक रस्त्याने रोजचं जाणं-येणं. पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी तापलेल्या बेंड पाइपवर उडत राहतं आणि नट गंजून स्टडशी एकजीव होतात. हेडपाशी फट-फट आवाज येऊ लागला म्हणून पाळीला जाताना गाडी एका गॅरेजला दिली. पॅकिंग बदलायचं, एवढंच काम होतं. तिथल्या पोराने जाम नटाला पाना लावून त्यात लांब पाइप अडकवला आणि स्टड तुटला. थोडासा तुकडा बाहेर होता, तोवर सगळं सोपं होतं. पण त्याने तो व्हाइस ग्रिपने पिरगाळून मुळातून तोडला, हँड ड्रिलने तिरकं भोक पाडलं आणि त्यात तुटका स्टड काढायचा इझी आउट ठोकून फिरवला. इझी आउटही आत तुटला. तो इतका कडक असतो की साधा ड्रिल त्याच्यावर चालत नाही. घसरून शेजारचं मऊ ॲल्युमिनियम खातो.

स्टड एवढा जाम का होतो, हे कळलं की उपायही कळतो. स्टील आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत दाटून बसते. वर दर फेरीला तापणं आणि गार होणं. मात्र तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे हेड तापवलं की भोक स्टडवरची पकड थोडी सोडतं. जोर लावण्याआधी उष्णता वापरायची ती यासाठी.

नट अजून शाबूत असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. सायलेन्सरचा मागचा बोल्ट आधी सैल करा, म्हणजे त्याचा ताण स्टडवर राहत नाही. नट आधी किंचित आवळून पाहा, मग पाव फेरा सैल, परत आवळा, परत सैल. पाना स्प्रिंगसारखा मऊ लागला की थांबा. नट फिरत नाही, स्टड पिळला जातोय. मग नट तापवा. तरीही हलला नाही तर नट छिन्नीने किंवा ग्राइंडरने उभा चिरून काढा. नटाचा बळी देऊन स्टड वाचतो. टॉर्च पेटवण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायलाच हवी.

स्टड तुटून तुकडा बाहेर राहिला असेल तर तो कापू नका, घासू नका. आटे चांगले असतील तर दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाला पाना लावा. आटे गेले असतील तर तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या. स्टीलचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही आणि त्याच्या उष्णतेने आट्यांतली पकड सुटते. हात लावण्याइतकं गार झाल्यावर तेल सोडा आणि थोडं पुढे, थोडं मागे करत काढा. नट निघून आला तर पुन्हा वेल्ड करता येतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, ईसीयूचा कप्लर काढा आणि अर्थचा चिमटा हेडवरच, कामाच्या जवळ लावा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा कारभार ईसीयूकडे असतो, तेव्हा हे विसरून चालणार नाही.

तुकडा हेडच्या पातळीत तुटला असेल तर रस्त्यावर हँड ड्रिल लावू देऊ नका. हेड उतरवून मिलिंग किंवा पिलर ड्रिलवर न्या. शाबूत स्टडवर बसणारी, तुटक्या स्टडच्या बरोबर मधोमध येणारा बुश असलेली जिग प्लेट लेथवाला बनवून देतो. ड्रिल मग भरकटत नाही. उलटा फिरणारा ड्रिल मिळाला तर उत्तम, कधी कधी भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. सहाच्या स्टडला ५ आणि आठच्या स्टडला ६.८ मिलिमीटरपेक्षा मोठं भोक नको, नाहीतर हेडचे आटे जातात. गेलेच तर नव्या आट्यांसाठी हेलिकॉइल बसवता येतो.

माझ्या हेडसारखं आत हत्यारच तुटलं असेल, तर भोसरी गाठा. टाटा, बजाज आणि त्यांच्या पुरवठादारांसाठी डाय-मोल्ड बनवणाऱ्या टूलरूम या भागात आहेत आणि डायसाठी लागणारं स्पार्क इरोजन मशीनही त्यांच्याकडे असतं. तांब्याच्या इलेक्ट्रोडमधून तेलाखाली ठिणग्या पडतात आणि धातू कणाकणाने झडतो. धातू कितीही कडक असला तरी फरक पडत नाही आणि आट्यांवर ताणही येत नाही. ठिणगीने धातू कोरण्याची ही पद्धत १९४३ मध्ये सोव्हिएत संघात लाझारेन्को दांपत्याने विकसित केली. त्याच दशकात अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत अडकलेले टॅप आणि ड्रिल काढण्यासाठी असंच मशीन बनलं. आपलं दुखणं नेमकं तेच. माझं हेड असंच वाचलं. फक्त गुरुवारी जाऊ नका, एमआयडीसीची सुट्टी असते.

नवा स्टड बसवताना तांब्याचं अँटी-सीझ लावा, पॅकिंग नवं घ्या. दोन्ही नट हाताने बसवून आळीपाळीने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा आणि मागचा बोल्ट शेवटी. फट-फट आवाज तसाच चालवूनही घेऊ नका. फटीतून हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो.

गाडी गॅरेजला देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा, जमलं तर जॉब कार्डावर लिहून घ्या : नट जाम असेल तर पान्याला पाइप लावायचा नाही, स्टड तुटला तर काम थांबवून फोन करायचा, आणि इझी आउट विचारल्याशिवाय लावायचा नाही. चांगला मेकॅनिक याचा राग मानत नाही. जो मानेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका.