आधी बॅटरी बघ, मग सूत्र

अगं, इलेक्ट्रोस्टॅटिक्स म्हटलं की तुझा चेहरा का उतरतो, ते कळतं मला. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, मिनिटं ९०, आणि कॅल्क्युलेटर नाही. पण खरं सांगू का, या धड्यातले बरेच प्रश्न आकडेमोडीचे नसतातच, नुसत्या पटींचे असतात.

हे बघ. दोन सारखे धातूचे गोळे, एकावर +६ मायक्रोकूलोम, दुसऱ्यावर −२. टेकवले आणि परत तेवढ्याच अंतरावर ठेवले. आता बल किती? अंतर दिलेलंच नाही म्हणून घाबरू नकोस, ते लागतच नाही. एकूण +४, वाटून प्रत्येकी +२. गुणाकार आधी १२ होता, आता ४. म्हणजे बल एक तृतीयांश, आणि आकर्षण होतं तिथे प्रतिकर्षण. पर्यायांत ‘एक तृतीयांश, आकर्षण’ हमखास दडवलेला असतो, घाईत बोट तिथेच जातं.

आकडे घालावेच लागले तर मायक्रो सांभाळ बाई. मी एकदा तो गिळला आणि दोन चिमुकल्या गोळ्यांत रेल्वेचं इंजिन उचलेल एवढं बल काढलं! दोन मायक्रो गुणले की १० चा उणे १२ वा घात, हे कच्च्या कागदावर आधीच लिहून ठेव.

मग चौरसाचा प्रश्न. चारही कोपऱ्यांत सारखेच प्रभार, मध्यबिंदूवर काय? फील्डला दिशा असते, समोरासमोरची एकमेकांना मारतात, म्हणून शून्य. पोटेन्शियलला दिशा नाही, त्याची सरळ बेरीज होते, म्हणून ते शून्य नाही. प्रश्नात नक्की काय विचारलंय तेवढं दोनदा वाच.

कपॅसिटरमध्ये मात्र सगळे घसरतात. डायइलेक्ट्रिक घातलं, ऊर्जा वाढली की कमी झाली? आधी बघ, बॅटरी जोडलेली आहे की काढलीय. जोडलेली असेल तर व्होल्टेज तेच राहतं, ऊर्जा K पट. काढली असेल तर प्रभार तोच, ऊर्जा K ने भागायची. पर्यायांत दोन्ही उत्तरं असतात, त्यामुळे सूत्र पाठ असूनही मार्क जातो.

अडलीसच तर पुढे जा, परत ये, आणि सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नकोस, चुकीला दंड नाही. नीटला मात्र हा बिनधास्तपणा नको गं, तिथे चुकलं की एक मार्क कापतात.