लघवी केशरी की कावीळ?

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, लघवी लालसर होतेय, लिव्हर गेलं का?" नाही. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. गोळ्या घेतल्यावर काही तास लघवी, कधी घाम आणि अश्रूही केशरी दिसतात. मग रंग फिका पडत जातो. काविळीत लघवी दिवसभर कोऱ्या चहासारखी गडद राहते आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो. डोळे दिवसाउजेडी तपासा. पिवळ्या बल्बखाली सगळ्यांनाच कावीळ झालेली दिसते!

पण कावीळ दिसेपर्यंत थांबायचं नसतं. सुरुवातीला थोडी मळमळ अनेकांना होते. मात्र नीट जेवणाऱ्या माणसाची अन्नावरची वासनाच उडाली, उलट्या थांबेनात किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी, गोळ्यांची पाकिटं घेऊन, डॉक्टरांकडे जा. लिव्हरचा हा त्रास बहुधा पहिल्या दोन महिन्यांत होतो. लक्षणं असताना लिव्हरच्या रक्ततपासणीतलं एसजीपीटी नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट, किंवा काहीच त्रास नसताना पाचपट झालं, तर औषधं थांबवतात. किंचित वाढ बऱ्याच जणांत होते आणि आपसूक उतरते. रिपोर्टवरचा ठळक आकडा पाहून गोळ्या टाकून देऊ नका.

अर्धी गोळी घेण्याची युक्तीही नको. सुरुवातीच्या काळात एकाच गोळीत टीबीची चारही औषधं असतात. त्यातली पायराझिनामाइड, आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन लिव्हरला बाधू शकतात, एथॅम्ब्युटॉल सहसा नाही. अर्धी केली की चारही निम्मी होतात, आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

दारू पूर्ण बंद. "फक्त बिअर" हीसुद्धा दारूच. हिपॅटायटीस बी किंवा सी, एचआयव्ही, जुना लिव्हरचा आजार, गरोदरपण असेल तर उपचाराआधीच सांगा, म्हणजे लिव्हरची तपासणी वरचेवर होईल. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल विचारूनच घ्या. झाडपाल्याचे काढेही नकोत. कोविडकाळात गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झाल्याच्या घटना मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. काविळीची माळ घातल्याने लिव्हरचं काही बिघडत नाही, पण तिच्या भरवशावर आठवडा जातो, तो महागात पडतो. 'लिव्हर टॉनिक'वर पैसे घालण्याऐवजी डाळ, अंडी, दूध घ्या.

औषधं थांबली म्हणजे उपचार संपले असं नाही. लिव्हर सावरलं की ती एकेक करून पुन्हा सुरू करतात, बहुधा रिफाम्पिसिनपासून. पायराझिनामाइड कधीकधी वगळतात आणि मग कोर्स लांबतो. कोणतं, कधी सुरू करायचं हे डॉक्टर रक्ततपासणी पाहून ठरवतील. तोवर घरातल्या उरलेल्या गोळ्यांना हात लावू नका.