हिरवळीचा ताग आणि रानातील खुळखुळा

वाटाण्याच्या कुळात क्रोटॅलॅरिया नावाचा एक मोठा वंश आहे. त्यात सुमारे ७०० जाती असून त्यांपैकी बहुसंख्य आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशात आढळतात. फुले बहुधा पिवळी असतात. शेंग फुगीर असून ती वाळली की आतील बी सुटून वाजू लागते. म्हणूनच या वंशातील रानझुडपांना आपल्याकडे खुळखुळा किंवा घागरी म्हणतात. शेतातील ताग हाही याच वंशातील. यांपैकी ताग जमिनीस पोसतो, तर खुळखुळा जनावरांच्या जिवावर उठू शकतो. दोहोंचीही ओळख शेतकरी बंधूंनी करून घेणे अगत्याचे आहे.

ताग केव्हा गाडावा ?

निचऱ्याच्या जमिनीत पावसाच्या आरंभी हेक्टरी ५० ते ६० किलो बी पेरावे. पाणी साचणाऱ्या जमिनीत तागाऐवजी धैंचा घ्यावा. तागाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र साठवितात. गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी दिसल्यास काम व्यवस्थित चालले आहे असे समजावे.

पीक फुलावर येऊ लागताच, म्हणजे साधारणपणे ४५ ते ६० दिवसांत, ते गाडावे. “आणखी थोडे वाढू द्यावे, खत अधिक मिळेल,” हा समज चुकीचा आहे. पुढे खोडात वाख तयार होऊन ते कठीण बनते. असे खोड कुजविताना जिवाणू जमिनीतीलच नत्र वापरतात आणि पुढील पीक पिवळे पडते. खोड मोडून पाहावे. चिवट धागे निघू लागले तर उशीर झाला असे जाणावे.

प्रथम फळी फिरवून ताग लोळवावा आणि त्याच दिशेने नांगर चालवावा. कुजण्यास ओल लागते. पाऊस नसल्यास हलके पाणी द्यावे. पुढील पेरणी तीन-चार आठवड्यांनी करावी. ज्यांची रब्बी ज्वारी केवळ साठलेल्या ओलीवर येते, त्यांनी आरंभी शेताच्या एका तुकड्यातच हा प्रयोग करावा.

खुळखुळ्यापासून सावध

खुळखुळ्याच्या अनेक जातींत, विशेषतः बियांत, यकृतास इजा करणारे विष असते. त्याचा परिणाम पुष्कळदा उशिरा दिसतो, त्यामुळे कारण ध्यानात येत नाही. १९७० नंतरच्या दशकात सरगुजा भागात (आज छत्तीसगढ) गोंदली या भरडधान्यात या वंशातील रानटी जातीचे बी मिसळले गेले आणि ते खाऊन कित्येक माणसे दगावली. म्हणून बांधावरील व पिकातील खुळखुळा शेंगा धरण्यापूर्वीच उपटावा आणि धान्य नीट चाळून घ्यावे. तागाचे बीही गुरांना चारू नये.

ग्रामसेवकांनी या हंगामात गावातील एका तरी शेतात फुलोऱ्याच्या वेळी शेतकऱ्यांना एकत्र जमवून ताग गाडण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. त्याच वेळी बांधावरील खुळखुळाही ओळखून दाखवावा. एका फेरीत दोन्ही कामे होतील.