मार्गदर्शक आधी, कोर्स नंतर

‘दिसत नाही, मग बीएड नाहीतर बँक. दुसरं काय करणार?’ बारावीचा निकाल लागला की अंध मुलामुलींच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. काळजी खरी आहे, पण नातेवाइकांकडे याचं उत्तर नसतं. ज्या क्षेत्रात जायचंय, तिथे काम करणारी अंध व्यक्ती शोधा आणि विचारा, ‘तुम्ही हे काम कसं करता?’

बँकेतला अंध अधिकारी सांगेल, की एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. एक्सेलमध्ये बाणाचं बटण दाबलं की आधी रक्कम, मग ‘बी ७’ असं कानात ऐकू येतं; माऊस लागतच नाही. कुठे अडतं, हेही तोच सांगेल: स्कॅन केलेली पीडीएफ, चित्रातला कॅप्चा, नुसते आलेख. अशा अडचणींवरचे उपाय माहितीपत्रकात सापडत नाहीत.

असे मार्गदर्शक शोधायला दृष्टिहीनांसाठीच्या संस्थांपासून सुरुवात करा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३पासून काम करतंय. ‘नॅब’, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, तर १९५२पासून. सेंट झेवियर्समध्येच शिकलेल्या उल्हासनगरच्या दृष्टिहीन प्रांजल पाटील यूपीएससीत आधी ७७३व्या आल्या, पुढच्याच परीक्षेत १२४व्या, आणि आयएएस झाल्या. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाचा मार्गही अंधांना मोकळा केला.

मुलांनो, कॉलेजच्या पहिल्या वर्षी स्क्रीन रीडर आणि पांढऱ्या काठीचं प्रशिक्षण पक्कं करा. दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप मिळवा आणि लेखनिकाला उत्तर नेमकं सांगण्याचा सराव करा. तिसऱ्या वर्षी स्पर्धा परीक्षा किंवा पुढचं शिक्षण ठरवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के, त्यातला १ टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा.

पालकांनो, मार्गदर्शकाला फोन मुलालाच करू द्या. फॉर्म त्यालाच भरू द्या, कॉलेजला एकट्याने जायची सवय लागू द्या. चुकेल, उशीर होईल. पण नोकरीच्या ठिकाणी तुम्ही सोबत नसाल. मुलाखतीत ‘हे काम तुम्ही कसं कराल?’ असं विचारलं जाईल, तेव्हा उत्तर त्याचं स्वतःचं हवं. त्याची तयारी आजपासूनच करायची आहे.