थकलेली पोटरी आणि उडी

सुगी आणि फेस्ताचे सामने आमच्या भागात पाठोपाठ येतात. दिवसभर भाताचे भारे वाहायचे आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायचा, हा तरुणांचा क्रम आम्ही दरवर्षी पाहतो. मग तक्रार ऐकू येते, "पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात आणि उडीच लागत नाही." स्प्रिंग कडक झाली तर उडी वाढायला हवी, असे कुणालाही वाटेल. तसे का होत नाही ते पाहू.

पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा मांडीच्या हाडापासून निघतो, त्याच्याखालचा चपटा स्नायू गुडघ्याखालून. दोन्ही टाचेमागच्या जाड कंडरेला मिळतात. आपण तिला नुसती शीर म्हणतो. उडीपूर्वी आपण किंचित खाली वाकतो तेव्हा ही कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि लगेच आखडून ती शक्ती परत देते. मात्र रबराचे दुसरे टोक कुणीतरी घट्ट धरावे लागते. ते काम स्नायूचे. थकलेला स्नायू पुरेशा जोराने आवळत नाही, मग कंडरेला ताण बसत नाही आणि उडी खुंटते. म्हणजे पोटरी हाताला कडक लागली तरी ऐन कामाच्या क्षणी ती ढिलीच असते.

दुखरा कडकपणा निराळा. उडीनंतर चवड्यांवर उतरताना स्नायूला ताणले जात असतानाच आवळावे लागते. सवय नसता हे फार झाले की बारीक तंतू दुखावतात, सूज येते. म्हणून दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवते. याचे खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडू नये; ते तास-दोन तासांत ओसरते.

थकवा ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. अमेरिकेतील व्यायामशिक्षक डडली सार्जंट यांनी १९२१ साली ती मांडली. भिंतीलगत उभे राहून हात उंच करावा, बोटांना खडू लावून खूण करावी. मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण करावी. दोन खुणांतले अंतर म्हणजे तुमची उडी. ताजेतवाने असताना तीन उड्यांतली उत्तम लिहून ठेवा. सामन्याच्या दिवशी अंग गरम करून पुन्हा मोजा. अंतर बरेच घटले, तर त्या दिवशी त्या मुलाला जाळीजवळ उभे करू नये, असे आम्हाला वाटते. कप्तानांना हे रुचणार नाही!

दुखत्या पोटरीला एक-दोन दिवस उड्यांपासून सुट्टी द्यावी, पण हलके चालणे चालू ठेवावे. गोळा आल्यास गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे हळूहळू आपल्याकडे ओढावीत. पुढच्या सुगीआधी काही आठवडे पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा सावकाश खालीवर कराव्यात, सुरुवात थोड्यापासून.

एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणे असेल, तर चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. टाचेमागे एकदम कुणी काठी मारल्यासारखे वाटून चवड्यावर उभे राहता आले नाही, तर कंडरा तुटली असावी. दोन्ही वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.