थेट प्रक्षेपण आणि डिझेलचा धूर
(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील जनरेटर भाड्याने देणाऱ्या एका मालकाकडे कामाला आहेत. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातील कुस्ती मैदानाचे थेट प्रक्षेपण झाले, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. लोकांचे लक्ष आखाड्याकडे, तर आमचे डिझेलच्या काट्याकडे! दुपारपासून रात्रीपर्यंत ६० लिटर डिझेल जळाले. त्यावरूनच हा विषय अभ्यासावासा वाटला.

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर डिझेलचे वजन किलोपेक्षाही कमी. मग वायू इतका कसा? कारण डिझेलमधील कार्बनशी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो. या हिशेबाने त्या एका मैदानाचे सुमारे १६० किलो झाले.

मग खांबावरची वीज का घेत नाहीत? थेट प्रक्षेपणात पुन्हा चित्रण करता येत नाही. ऐन डावात वीज गेली तर सारेच संपले. म्हणून एक जनरेटर चालू आणि दुसरा तयार ठेवतात. शिवाय तो सर्वाधिक भाराच्या अंदाजाने आणलेला असतो. एरवी कमी भारावर चालताना त्याला दर युनिटमागे डिझेल जास्त लागते. धुराचे मूळ असे या धास्तीत आहे.

यावर इतरत्र काय केले गेले? ब्रिटनमध्ये बीबीसीने २०२१ साली 'स्प्रिंगवॉच' या निसर्गविषयक थेट कार्यक्रमासाठी नॉरफोकमध्ये हरित हायड्रोजनपासून वीज मिळवली. त्या यंत्रातून धुराऐवजी पाणी बाहेर पडते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्पर्धास्थळे शक्य तेथे सार्वजनिक वीजजाळ्याला जोडून जनरेटर कमी केले गेले. तिसरा मार्ग म्हणजे मैदानावर कॅमेरे व ध्वनियंत्रेच ठेवून दिग्दर्शन आणि समालोचन शहरातील केंद्रातून करणे. त्यामुळे माणसांचा व गाड्यांचा प्रवास वाचतो.

आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. तेव्हा खांबाला तार जोडली की पाप फिटले, असे नाही. तरीही मुख्य वीज खांबावरची आणि आधाराला बॅटरी, एवढे केले तरी वस्तीतला धूर आणि आवाज थांबेल.

हे मी घरी सांगितले. वडील शांतपणे म्हणाले, "आन् मग आमचं काय?" या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. मात्र बॅटरी असो वा हायड्रोजन, भार ओळखणारा आणि रात्रभर जागणारा माणूस लागणारच. नव्या यंत्राचे शिक्षण प्रथम अशा माणसांना मिळाले पाहिजे. नाहीतर हवा स्वच्छ होईल, पण आमची चूल विझेल.

हल्ली आम्ही दर कामाची नोंद ठेवतो: भार किती, तास किती, डिझेल किती. वहीतले अक्षर माझे आहे, आकडे वडिलांचे.